वीकेंडचे पॉइंट आणि बॉथेलचे कावळे



घड्याळं एक तास पुढे गेली, पाऊस जरा उघडला, की आमच्या सिअ‍ॅटलच्या आसपासच्या मराठी घरांत एकच प्रश्न फिरू लागतो: "मग, ह्या वीकेंडला कुठे?" एप्रिलात स्कॅजिटचे ट्युलिप. मे महिन्यात लेव्हनवर्थ. जुलैत माउंट रेनियर. ऑगस्टात नॉर्थ कॅस्केड्स. ऑक्टोबरात पुन्हा लेव्हनवर्थ (पानं पिवळी होतात म्हणून) आणि डिसेंबरात परत एकदा लेव्हनवर्थ (दिवे लावतात म्हणून). मी २०१६ पासून बॉथेलला राहतो. हे चक्र मी इमानेइतबारे फिरलोय, इतरांना फिरवलंय, त्यासाठी एक्सेल शीट्स केल्यात. त्यामुळे आता जे लिहिणार आहे ते बाहेर उभं राहून नाही, आतल्याच माणसाची तक्रार समजा.

एका दिवसाच्या ट्रिपचं आमच्याकडचं स्वरूप साधारण असं. शुक्रवारी रात्री साडेअकरापर्यंत कोण काय आणणार ह्यावर खल. तिखटमिठाच्या पुऱ्या ठरलेल्या, दडपे पोहे कोण करणार हा वाद ठरलेला. निघायचं सात वाजता असं ठरतं. साडेनऊला पहिली गाडी निघते, तेव्हा चौथ्या गाडीतल्या मुलांची आंघोळ चाललेली असते. मग पाचशे बावीस नंबरच्या रस्त्याने मन्रो, तिथून हायवे दोन, आणि मग सुलतान. सुलतान हे टीचभर गाव, पण मी त्या गावात गाडीत बसून जेवढा वेळ काढलाय तेवढा साताऱ्याच्या मोती चौकातसुद्धा काढला नसेल. दुपारी एकला लेव्हनवर्थ. पार्किंग शोधायला अर्धा तास, जेवायला एक तास, फोटो, फज, एखादं मॅग्नेट, की लगेच "चला चला, परतीला ट्रॅफिक लागेल". तो लागतोच. गावात अडीच तास आणि गाडीत सहा. रविवारी अंग दुखतं आणि सोमवारी स्टँडअपला कोणी विचारलं की आपण सांगतो, वीकेंड मस्त गेला.

ह्या लेव्हनवर्थची गोष्ट खरं तर ऐकण्यासारखी आहे. रेल्वेने मार्ग बदलला, लाकडाचा धंदा बसला, गाव मरायला टेकलं. मग १९६० च्या दशकात गावकऱ्यांनीच ठरवून आख्ख्या बाजारपेठेला बव्हेरियातल्या खेड्याचा साज चढवला आणि गाव पुन्हा उभं केलं. मला हे कळलं आमच्या पाचव्या फेरीनंतर, तेही घरी, मुलाच्या पुस्तकासाठी काहीतरी शोधताना. पाच वेळा गेलो आणि गावात एकालाही विचारलं नाही की बाबांनो, इथे जर्मनी आली कुठून.

तर मुद्दा असा. आपण वीकेंडला जागा उरकतो. माझं मत असं झालंय की महिन्यातल्या चार वीकेंडपैकी निदान दोन वेळा एकाच, जवळच्या जागी जावं. दहा मिनिटांवरच्या, फार तर पाऊण तासावरच्या. पुन्हा पुन्हा तिथेच.

उरकण्याची सवय आपण इथे शिकलो असं मला वाटत नाही, ती आपण बॅगेत घालूनच आणली. मी साताऱ्याचा. लहानपणी पाहुणे आले की त्यांना महाबळेश्वरला न्यायचं, तिथे टॅक्सी करायची, आणि टॅक्सीवाला विचारायचा, "किती पॉइंट?" आर्थर सीट, केट्स, एल्फिन्स्टन, विल्सन. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, टॅक्सीवाला इंजिन चालूच ठेवायचा. संध्याकाळी काकू मोजायच्या, "नऊ झाले, तीन राहिले." धुकं असलं तरी पॉइंट मोजला जायचा, कारण पैसे पॉइंटांचे असायचे, दिसण्याचे नव्हे.

आणि कास. २०१२ मध्ये पश्चिम घाटाची काही ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कासचं पठार होतं. तेव्हापासून सप्टेंबरात रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग घाटात. मंडळी उतरायची, फुलांत बसून फोटो काढायची, कणीस खायची, निघायची. आम्ही सातारकर वैतागायचो. "ह्यांना तेरडा आणि सोनकी ओळखता येत नाही, आणि आले फुलं बघायला!" आता दर एप्रिलात स्कॅजिटच्या शेतांबाहेर गाडी रांगेत उभी असते तेव्हा मला हमखास वाटतं की पलीकडच्या घरातला एखादा शेतकरी पडद्याआडून माझ्याबद्दल हेच म्हणत असणार.

ह्याच्या उलट आमच्या साताऱ्यात दुसरीही एक पद्धत होती, आणि आजही आहे. अजिंक्यतारा. सकाळी पाच-साडेपाचला माणसं घरातून निघतात, किल्ल्यावर जातात, मंगळाई देवीला हात जोडतात, सात-सव्वासातला खाली येतात. रोज. माझे बाबा पाटबंधारे खात्यात होते, उमेदीची बरीच वर्षं कोयनेवर गेली. साताऱ्यात स्थिर झाल्यापासून सत्तरी ओलांडेपर्यंत त्यांनी ही चढण सोडली नाही. तोच दरवाजा, तीच वळणं. त्यांना कोणी विचारलं नाही की "अहो, अजिंक्यतारा झाला ना बघून?" पुण्याच्या लोकांचं सिंहगडाशी असंच आहे. दर रविवारी तोच गड, तीच पिठलं-भाकरी, तेच ताक, आणि तरीही सोमवारी माणूस ताजातवाना. तेव्हा एकाच जागी परत परत जाण्याचं हे माझं काही नवं खूळ नाही.

आता बाबांविषयी. २०१९ च्या मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. मुलगा तेव्हा सव्वा वर्षाचा. मी काय केलं असेल? एक्सेल. चोवीस आठवडे, चोवीस शनिवार, प्रत्येकासमोर एक जागा, मैल, तास, पर्यायी जागा. बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "टेंडर चांगलं काढलंयस."

जूनच्या मध्यात रेनियरला गेलो. बॉथेलहून पॅरडाइज म्हणजे जायलाच पावणेतीन-तीन तास. पाच हजार चारशे फुटांवर पोचलो तर सगळीकडे बर्फ आणि धुकं, हाताचं बोट दिसेना.

"डोंगर कुठाय?" बाबा.

"समोर."

"बरं."

थर्मासमधला चहा गाडीतच प्यायलो, आईने सगळ्यांना पुऱ्या दिल्या, आणि परत तीन तास. मी शीटवर हिरवा रंग भरला: रेनियर, झालं. पुढे ऑगस्टात एका मंगळवारी त्यांना डोळे तपासायला नेत होतो. पाचशे वीसच्या तरंगत्या पुलावर गाडी आली आणि दक्षिणेला तो चौदा हजार चारशे दहा फुटांचा पांढरा ढीग असा काही उभा होता की मी बोलायचं विसरलो. इथले जुने लोक अशा दिवशी नुसतं म्हणतात, "आज डोंगर बाहेर आलाय." बाबा मागे वळून वळून बघत राहिले. शीटमध्ये त्या मंगळवाराला रकाना नव्हता.

स्नोक्वाल्मी धबधब्याला मात्र त्यांची कळी खुलली. धबधबा दोनशे अडुसष्ट फूट, सुंदरच आहे. पण बाबांनी तो पाच मिनिटं पाहिला आणि विचारलं, "वीजगृह कुठाय?" तिथलं पहिलं वीजगृह १८९९ चं, धबधब्यामागे खडक फोडून जमिनीखाली बांधलेलं, जगातल्या अशा पहिल्या वीजगृहांत त्याची गणना होते. मग काय! पोफळीचं वीजगृहही डोंगराच्या पोटात. "हे किती मेगावॅट?" मी फोनवर शोधून सांगितलं, सगळं मिळून साधारण चोपन्न. "कोयना एकोणीसशे साठ," एवढंच म्हणाले, पण तो दिवस त्यांचा चांगला गेला. मला घाई होती, पुढे अजून एक तळं होतं यादीत.

आम्ही दोघं ऑफिसला गेलो की सोमवार ते शुक्रवार बाबा काय करत, हे मी कधी नीट विचारलंच नव्हतं. ते चालत होते. घरापासून समॅमिश नदीच्या काठची पायवाट दहा मिनिटांवर. पहिल्या दिवशी म्हणाले, "ही नदी? आमची वेण्णा बरी." पण रोज जायचे, सकाळी एक फेरी, संध्याकाळी नातवाला ढकलगाडीत घालून दुसरी. त्यांना तिथे त्यांचा अजिंक्यतारा मिळाला होता, फक्त सपाट. ऑगस्टपर्यंत त्यांना बॉथेल माझ्यापेक्षा जास्त माहीत झालं. ही पायवाट जिला मिळते ती बर्क-गिलमन पायवाट म्हणजे जुन्या रेल्वेचा मार्ग आहे, हे मला त्यांनी सांगितलं. १९१३ च्या विटांच्या रस्त्याचा एक तुकडा गावाने जपून ठेवलाय, सिअ‍ॅटल ते एव्हरेट रस्ता कधीकाळी त्याच विटांवरून जायचा, हेही त्यांनीच. त्यांचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहाराचं, पण एक कुत्रेवाले आजोबा त्यांना रोज भेटायचे आणि दोघांनाही वेळ भरपूर होता.

सप्टेंबरअखेरीस एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "अरे, इथले कावळे सूर्य मावळायच्या सुमाराला सगळे एकाच दिशेला जातात. कुठे जातात?"

मी तीन वर्षं त्या आकाशाखाली राहत होतो. कावळे जातात हेच मला माहीत नव्हतं. म्हटलं, "जात असतील घरी."

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी शीटवर लेव्हनवर्थ होतं, पिवळ्या पानांचं. बाबा सकाळी म्हणाले, "आज ते नको. संध्याकाळी माझा पॉइंट बघायला चला. दहा मिनिटांवर आहे." त्यांनी पंधरा दिवस थोडं थोडं पुढे चालत जाऊन कावळ्यांचा पत्ता काढला होता.

बॉथेलला वॉशिंग्टन विद्यापीठाची शाखा आणि कॅस्केडिया कॉलेज एकाच आवारात आहेत. आवाराच्या खालच्या अंगाला नॉर्थ क्रीक नावाचा ओढा आणि त्याची पाणथळ जमीन. तिथे आम्ही सहाच्या सुमाराला उभे राहिलो. आधी पाच-दहा कावळे. मग ओळी. मग चारी बाजूंनी दोऱ्या सुटल्यासारखे, इमारतींच्या छपरांवर, मैदानावर, दिव्यांच्या खांबांवर. आणि अंधार पडता पडता सगळे एकदम उठून खालच्या विलोच्या झाडांत. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात इथे रोज रात्री दहा हजारांहून जास्त कावळे मुक्कामाला येतात. आवाज असा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. मुलगा ढकलगाडीत उभा राहून "काऊ! काऊ!" करून नुसता नाचत होता. त्याला चिऊकाऊच्या गोष्टीतला एक काऊ माहीत होता, इथे आकाशभर.

बाबांना मात्र ओढ्याचं जास्त कौतुक. ही जमीन पूर्वी कुरणाची होती, ओढा माणसांनी सरळ चरासारखा करून टाकलेला. विद्यापीठ बांधताना, १९९० च्या दशकाच्या शेवटी, त्यांनी तो मुद्दाम पुन्हा वळणावळणाचा केला, अठ्ठावन्न एकर पाणथळ परत उभी केली, हजारो झाडं लावली. बाबा म्हणाले, "आम्हाला ओढे सरळ करायचा पगार मिळायचा. इथे वाकडे करायचा देतात." आणि स्वतःच्याच विनोदावर किती तरी वेळ हसत राहिले. ते साताऱ्याला परत गेल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला अमेरिकेतलं काय सांगायचे? रेनियर नाही, लेव्हनवर्थ नाही. कावळे आणि वाकडा केलेला ओढा. आई फोनवर तक्रार करायची, "एवढं पोराने फिरवलं आणि हे लोकांना कावळे सांगतात."

(विषय निघालाच आहे म्हणून: सिअ‍ॅटलच्या मुख्य विद्यापीठात जॉन मार्झलफ नावाचे प्राध्यापक होते. २००६ मध्ये त्यांनी आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, खुणेचे वाळे घालून सोडून दिले. नंतर वर्षानुवर्षं तो मुखवटा घालून कोणीही आवारात फिरलं की कावळे अंगावर ओरडत यायचे, आणि त्यात त्या वेळी जन्मलेही नव्हते असे कावळे असायचे. तेव्हा इथल्या कावळ्यांशी नीट वागा. चेहरा लक्षात ठेवतात.)

बाबा २०२१ च्या मे महिन्यात गेले. मला जाता आलं नाही. पासपोर्टवरचा शिक्का संपलेला, वकिलातीतल्या नेहमीच्या मुलाखती बंद, गेलो असतो तर परत कधी येणार ह्याचं उत्तर कोणाकडे नव्हतं, आणि इथे बायको-मुलगा. चुलतभावाने संगम माहुलीला सगळं केलं. दहाव्याला त्याने व्हिडिओ कॉल लावला. पिंड ठेवला होता, कावळा येऊन बसला होता, शिवत नव्हता. भाऊ म्हणाला, "तू काहीतरी बोल." मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. आमच्याकडे तेव्हा रात्र होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटा नॉर्थ क्रीकला गेलो. मे महिना म्हणजे घरट्यांचे दिवस, जोड्या आपापल्या जागी राहतात, मुक्कामाला थोडेच येतात. फार नव्हते. पण जायला जागा होती, एवढं मला तेव्हा पुरलं. लेव्हनवर्थला जाऊन मी काय करणार होतो?

आता ह्यावर काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, कारण हे सगळं मी घरीच ऐकलंय.

पहिला आक्षेप बायकोचा, आणि तो मला अजून पूर्ण खोडता आलेला नाही. ती म्हणते, "तुला आठवडाभर माणसं भेटायची. माझ्यासाठी ती ट्रिप म्हणजे घराबाहेर पडणं होतं." ती लग्नानंतर एच-फोरवर आली. २०१५ पासून एच-फोरवाल्यांपैकी काहींना कामाचा परवाना मिळतो, पण जोडीदाराच्या ग्रीन कार्डाची फाइल एका टप्प्यापुढे गेली असेल तर. आमची फाइल तिथे पोचेपर्यंत तिची तीन वर्षं एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये गेली. गाडी एक, ती माझ्याबरोबर ऑफिसला. तिला सहा तास गाडीत बसणं हे कष्ट वाटत नव्हतं, त्या सहा तासांत चार बायकांशी मराठीत बोलता यायचं. लेव्हनवर्थ हे निमित्त. हे मला कळायला फार वर्षं लागली. तेव्हा नव्याने आलेल्या मंडळींनी, विशेषतः घरी बसावं लागणाऱ्यांनी, खुशाल दर शनिवारी चार गाड्या काढाव्यात. माझं म्हणणं त्यांच्यासाठी नाही. पण गप्पाच मारायच्या असतील तर दहा मिनिटांवरच्या बागेत सहा तास जास्त चांगल्या मारता येतात, एवढं मी तरीही म्हणेन. (ती म्हणते, बागेत सगळे दोन तासांत घरी पळतात, गाडीतून पळता येत नाही. हेही खरंच.)

दुसरा आक्षेप सगळ्यांचाच, आणि तोच खरा. "इथे किती दिवस आहोत कोणास ठाऊक. आहोत तोवर बघून घेऊ." आपल्या सगळ्या उरकण्याच्या मुळाशी ही भीती आहे असं मला वाटतं. ग्रीन कार्डाची आपली रांग दहा वर्षांहून लांब. नोकरी गेली की साठ दिवस. एवढ्या मुदतीत माणूस मुळं कशी धरणार? तो फोटो धरतो.

ह्या भीतीची चव आम्ही सगळ्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये घेतली. तो शुक्रवार आठवत असेलच. १९ तारखेला संध्याकाळी बातमी आली: एच-वनच्या अर्जावर एक लाख डॉलर, रविवारी पहाटेपासून लागू. आमचं शनिवारी व्हँकूवरला जायचं ठरलं होतं, एका दिवसात जाऊन यायचं, सरहद्द बॉथेलहून जेमतेम पावणेदोन तास. रात्री कंपनीच्या वकिलांचं मेल: देशाबाहेर जाऊ नका, बाहेर असाल तर शनिवारी रात्रीच्या आत परत या. ओळखीतलं एक कुटुंब आदल्या दिवशीच पलीकडे गेलेलं, ते रात्रीच उलटे फिरले. शनिवार सगळ्यांनी फोनला चिकटून काढला. दुपारनंतर खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांसाठी आहे, आमच्यासारख्यांना नाही. पण तोवर पोटात जे व्हायचं ते झालं होतं. मी त्या दिवशी मनातल्या मनात घर आवरलंसुद्धा. फर्निचर कोणाला द्यायचं, गाडी कोणाला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सर्वपित्री अमावास्या होती. बायकोने वडे-खीर केली. पान घरामागच्या लाकडी कठड्यावर ठेवलं, तर अर्ध्या मिनिटात एक कावळा वडा घेऊन गेला, आमच्या हाका मारायच्या आधीच. संध्याकाळी तिघं नॉर्थ क्रीकला गेलो. सप्टेंबरात अजून गर्दी व्हायची असते, पण ओळी सुरू झाल्या होत्या. मुलगा आता सात वर्षांचा. त्याने विचारलं, "आपल्याला इथून जावं लागणार आहे का?" त्याने सगळं ऐकलं होतं. मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "मग कावळ्यांना कोण मोजणार?" तो दर वेळी मोजतो, दोनशेपर्यंत, मग हिशेब चुकतो.

बॉथेलच्या स्वागताच्या पाटीवर वर्षानुवर्षं एक वाक्य लिहिलेलं होतं, एका दिवसासाठी या किंवा आयुष्यभरासाठी, अशा अर्थाचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं, आपल्यासाठी ह्या दोन्हींमध्ये तीन-तीन वर्षांच्या मुदतवाढी असतात हे पाटी रंगवणाऱ्याला काय माहीत. पण उद्या निघावं लागलंच तर ह्या मुलाला बॉथेल आठवेल. लेव्हनवर्थ त्याला फोटो दाखवून आठवून द्यावं लागतं, मी करून बघितलंय.

तर आता आमचं असं चालतं. महिन्यातले दोन शनिवार ठरलेल्या जागी. थंडीत नॉर्थ क्रीक. उन्हाळ्यात नॉर्थ बेंडजवळचा साय डोंगर, बॉथेलहून पाऊण तास. नाव ऐकून आईला वाटलं दुधावरची साय, पण ते जोसाया मेरिट ह्या जुन्या वसाहतकऱ्याच्या नावावरून पडलंय, त्याला लोक साय काका म्हणायचे. मोठा साय चार मैल चढ, तीन हजार फुटांवर उंची, मुलाला अजून जमत नाही. शेजारचा छोटा साय मात्र अजिंक्यताऱ्यापेक्षा थोडाच जास्त. ह्या उन्हाळ्यात आठ वेळा झाला. सातव्या वेळी मुलाने मला एक झाड दाखवलं, एका भल्यामोठ्या खडकाला मुळांनी धरून उभं असलेलं. मी सहा वेळा त्याच्या शेजारून गेलो होतो, चढताना आणि उतरताना, म्हणजे बारा वेळा.

उरलेल्या दोन शनिवारी कुठेही. रेनियर एकदा बघायलाच हवा, स्वच्छ दिवस बघून आणि पहाटे पाचला निघून. ट्युलिपही एकदा. पाहुणे आले तर लेव्हनवर्थलाही नेतो, इलाज नाही. पण आता गावाची गोष्ट सुलतानच्या ट्रॅफिकमध्ये सांगून टाकतो. तेवढा वेळ तिथे मिळतोच.

आई पुढच्या ऑक्टोबरात येणार आहे, बाबांनंतर पहिल्यांदाच. फोनवर म्हणाली, "ते एक्सेल काढू नकोस हं." मी नाही काढलं.

ज्यांना कावळे बघायचेत त्यांनी नोव्हेंबरातल्या कोणत्याही शनिवारी यावं. घड्याळं मागे गेल्यावर सूर्य पावणेपाचलाच मावळतो, तेव्हा चारपर्यंत पोचा. आम्ही मैदानाजवळ असतो, चहा आणि चिवडा घेऊन. टोपी किंवा हूडवालं जॅकेट आणा. थंडीसाठी नव्हे, दहा हजार कावळे डोक्यावरून जाणार आहेत हे लक्षात घ्या. :-)